सुमंतपद आणि दरबारी राजशिष्टाचार : रायगड ते हैदराबाद (इ.स. १६७४ ते १९११)

प्रस्तावना

परकीय राष्ट्राचा प्रमुख अथवा वकील आपल्या भूमीवर पाऊल ठेवतो तेव्हा त्याला सामोरे कोणी जावे, त्याचे आसन कोठे असावे, त्याने आणलेली अधिकारपत्रे कोणाच्या हाती व कोणत्या क्रमाने द्यावीत, या साऱ्यांची व्यवस्था पाहणारा अधिकारी प्रत्येक आधुनिक शासनात असतो. भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयात त्याला ‘चीफ ऑफ प्रोटोकॉल’ म्हणतात. महाराष्ट्र शासनात हे काम सामान्य प्रशासन विभागाच्या राजशिष्टाचार शाखेकडे असून तेथे मुख्य राजशिष्टाचार अधिकारी हे पद आहे. हा अधिकारी धोरण ठरवीत नाही. युद्ध करावे की तह करावा, हे त्याला कोणी विचारीत नाही. तथापि दोन सत्तांपैकी कोण कोणाला काय समजते, हे प्रथम त्याच्या व्यवस्थेतून दिसते आणि पुष्कळदा केवळ तेथेच दिसते.

मराठ्यांच्या इतिहासात या पदाचे पूर्वरूप कोठे शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अष्टप्रधान मंडळ शिकविताना आपण वर्गात ‘सुमंत म्हणजे परराष्ट्रमंत्री’ असे सांगून पुढे जातो. क्रमिक पुस्तकांनी रूढ केलेले हे समीकरण विद्यार्थ्यांना सोपे पडते, परीक्षेत गुणही देते. परंतु उपलब्ध साधने बारकाईने वाचली असता ते अपुरे आणि काही अंशी दिशाभूल करणारे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सुमंतपदाचा गाभा परराष्ट्रधोरणात नसून परराष्ट्रसत्कारात होता. हा सत्कार प्रत्यक्षात कोणी केला, हा प्रश्न विचारला म्हणजे आणखी वेगळेच चित्र पुढे येते.

कानुजाबत्यातील सुमंत

राज्याभिषेकप्रसंगी म्हणजे इ.स. १६७४ मध्ये अष्टप्रधानांची कामे निश्चित करणारा कानुजाबता सिद्ध झाला. त्यात सुमंताकडे परराज्यांसंबंधीचा विचार, त्यांचे जे वकील येतील त्यांचा सत्कार, प्रसंग पडल्यास युद्ध, ताब्यात येईल त्या मुलखाचे रक्षण आणि राजपत्रांवर संमतीचे चिन्ह करणे ही कामे दिली आहेत. यांपैकी युद्ध, मुलखाचे रक्षण आणि संमतीचे चिन्ह ही कामे थोड्याफार फरकाने इतर प्रधानांच्याही वाट्याला आलेली आहेत. पंडितराव व न्यायाधीश वगळता बाकीच्या प्रधानांना स्वारीवर जावे लागे. त्यामुळे सुमंताचे खास म्हणावे असे जे उरते ते परराज्यांचा विचार आणि वकिलांचा सत्कार.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. आमंत्रण-निमंत्रणाचे काम जाबत्याने सुमंताकडे दिलेले नाही. ते मंत्र्याकडे, म्हणजे पूर्वीच्या वाकनिसाकडे आहे. धर्मकृत्यांतील सन्मान व दानाची व्यवस्था पंडितरावांकडे आहे. आज एका कार्यालयात एकवटलेला राजशिष्टाचार त्या काळी किमान तीन प्रधानांत विभागलेला होता आणि त्यातील परराज्यांपुरता भाग सुमंताकडे होता.

पदाचे नावही बोलके आहे. राज्याभिषेकापूर्वी सुमंताला डबीर म्हणत. फारसी ‘दबीर’ म्हणजे लेखनिक, पत्रलेखक. फारसी पदनामे जाऊन संस्कृत नावे आली तेव्हा पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि डबिराचा सुमंत झाला. तोवर या पदावरील माणसाचे मुख्य भांडवल फारसीचे ज्ञान हे होते. विजापूर, गोवळकोंडा व दिल्ली या तिन्ही दरबारांशी पत्रव्यवहार फारसीत चाले. त्या भाषेत संबोधनाचा एक शब्द कमी पडला तरी अपमान होई आणि एक शब्द अधिक पडला तर मांडलिकत्व पत्करल्यासारखे होई. तेव्हा डबीर हा केवळ कारकून नव्हता. कोणाला काय म्हणून लिहावे, हे जाणणारा तो माणूस होता.

हे पद जोखमीचेही होते. डबीर घराण्यातील त्र्यंबक सोनदेव हे इ.स. १६६६ मध्ये महाराजांबरोबर आग्र्यास होते. महाराज निसटल्यानंतर ते व रघुनाथ बल्लाळ कोरडे मोगलांच्या कैदेत पडले. राज्याभिषेकाच्या वेळी सुमंतपदावर असलेले रामचंद्र त्र्यंबक हे याच घराण्यातले.

आग्र्याचा धडा

आग्र्याची हकिगत सर्वांना ठाऊक आहे, परंतु ती बहुधा शौर्याची कथा म्हणून सांगितली जाते. राजशिष्टाचाराच्या अंगाने ती वाचावी, असे वाटते. मोगल दरबारात समारंभाची व्यवस्था पाहणारा ‘मीर तुजुक’ हा स्वतंत्र अधिकारी असे. मनसबदाराला बादशहापुढे सादर करण्याचे काम बक्षीकडे असे. इतकी बंदिस्त व्यवस्था असलेल्या दरबारात १२ मे १६६६ रोजी एकामागून एक चुका घडत गेल्या. आंबेरच्या गोटातील राजस्थानी पत्रांवरून त्या दिवसाचा तपशील कळतो. महाराजांच्या स्वागताची जबाबदारी असलेला कुंवर रामसिंह त्या दिवशी चौकीच्या कामात गुंतला होता. तो वेळेवर निघू शकला नाही. आधी मुनशी गिरधरलालास पाठविण्यात आले. रामसिंह आणि महाराज निरनिराळ्या वाटांनी निघाल्याने त्यांची भेट शहरातच कोठेतरी झाली. दरबारात पोहोचेतो दिवाण-इ-आममधील बैठक आटोपली होती. दिवाण-इ-खासमध्ये बक्षी असदखानाने त्यांना पुढे नेले, नजर-निसार झाले आणि नंतर त्यांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. पुढे जसवंतसिंह उभा होता.

औरंगजेबाने हे सारे हेतुपुरस्सर केले की दरबारी गर्दीत ते घडून गेले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रांगेची जागा ही धोरणाची बाब होती, असे म्हणण्यास आधार आहे. उशीर आणि चुकलेली वाट या मात्र व्यवस्थेतील ढिलाईच्या गोष्टी असाव्यात. परंतु ज्याला सामोरे यावयाचे त्याच्या दृष्टीने या दोहोंत फरक नसतो. त्याला केवळ इतकेच दिसते की आपणास घ्यावयास कोणी आले नाही. आठ वर्षांनी रायगडावर परकीय वकील येणार होते, तेव्हा आग्र्याला गेलेली माणसे तेथे होती, ही गोष्ट विसरता येणार नाही.

रायगडावरील ऑक्झिंडन

मुंबईचा गव्हर्नर जेरॉल्ड ऑन्जियर याने हेन्री ऑक्झिंडन यास राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडाकडे धाडले. त्याच्यासोबत जॉर्ज रॉबिन्सन व थॉमस मिचेल हे दोघे आणि दुभाषी म्हणून नारायण शेणवी होता. इंग्रजांचा हेतू व्यापारी होता. इ.स. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीचे झालेले नुकसान भरून मिळावे आणि नव्या राज्यात व्यापाराची शाश्वती मिळावी, एवढे त्यांना हवे होते. तह महाराजांना नको होता असे नाही. परंतु त्यांना त्याहून अधिक काही हवे होते. समुद्रापलीकडील एक सत्ता आपल्या सिंहासनापुढे नजराणा घेऊन उभी आहे, हे दृश्य दख्खनच्या इतर दरबारांना दिसणे राज्याभिषेकाच्या हेतूशी सुसंगत होते.

ऑक्झिंडन मे महिन्यात पाचाडास पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनास गेले होते. तुळजापूरची यात्रा त्या काळी विजापूरच्या मुलखातून करावी लागे. प्रतापगडी देवीची स्थापना होण्यामागे हेही एक कारण सांगितले जाते आणि आपल्या विभागातील वाचकास हा तपशील जवळचा वाटेल. इंग्रज वकिलास काही दिवस गडाखाली वाट पाहावी लागली. या अवधीत त्याची विचारपूस, बोलणी आणि सल्ला-मसलत निराजीपंतांनी केली. गडावर गेल्यावर पहिली भेट झाली तेव्हा महाराजांनी कलमांचा तपशील मोरोपंतांशी ठरविण्यास सांगितले. भेटी कोणाकोणास द्याव्यात, याची कल्पनाही इंग्रजांना निराजीपंतांकडून मिळत होती. त्यांनी नजराणे दिलेल्यांत पेशवे आहेत, निराजीपंत आहेत आणि डबीरही आहेत. मात्र इंग्रजी नोंदीत डबिराचा उल्लेख फारसी लेखनिक अशा अर्थाने येतो. ज्याला आपण परराष्ट्रमंत्री म्हणतो तो परराष्ट्राच्या वकिलाला लेखनिक वाटला, यात इंग्रजांचे अज्ञान किती व प्रत्यक्ष परिस्थिती किती, याचा विचार झाला पाहिजे.

निराजीपंत म्हणजे राज्याभिषेकसमयीचे न्यायाधीश निराजी रावजी, असे अभ्यासक मानतात. ते मान्य केल्यास स्थिती अशी दिसते की जाबत्याप्रमाणे वकिलांचा सत्कार सुमंताकडे, कलमांची बोलणी पेशव्यांकडे आणि प्रत्यक्षात पाहुण्याची सर्व व्यवस्था न्यायाधीशाकडे. कागदावरील पद आणि कामावरील माणूस यांतील ही तफावत आजच्या कोणत्याही कार्यालयात नवी नाही. ज्याला पाहुण्याची भाषा कळते, ज्याच्यावर राजाचा भरवसा आहे आणि जो चिडत नाही, त्याच्याकडे ते काम आपोआप जाते. इंग्रजांशी निराजीपंतांचा परिचय राज्याभिषेकापूर्वीचा होता, हे यामागील साधे कारण असावे.

६ जून १६७४ रोजीच्या दरबाराचे ऑक्झिंडनने केलेले वर्णन सुप्रसिद्ध आहे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखे, अश्वपुच्छे आणि समतोल तराजू यांची त्याने नोंद घेतली. दरवाजाशी उभे असलेले हत्ती एवढ्या अवघड गडावर चढविले कसे, याचा त्याला अचंबा वाटला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद अंतराविषयीची आहे. इंग्रजांनी दुरून वंदन केले. नारायण शेणव्याने नजरेची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसेल अशी उंच धरली. त्यानंतर महाराजांनी त्यांना जवळ, सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत, येण्याची आज्ञा केली. तेथे त्यांना वस्त्रे देण्यात आली आणि मग निरोप मिळाला.

एवढ्या थोडक्या वेळात चार गोष्टी घडल्या आणि त्यांतील प्रत्येकीचे दोन अर्थ होते. वंदन दुरून झाले, म्हणजे दरबाराच्या दृष्टीने वकील आपल्या पायरीवर राहिला. जवळ बोलावले, म्हणजे वकिलाच्या दृष्टीने त्याला खास मान मिळाला. अंगठी उंच धरली ती दरबारास नजराणा म्हणून दिसावी यासाठी, इंग्रजांच्या हिशेबवहीत मात्र ती भेटवस्तूंच्या खर्चात पडली. वस्त्रे स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे श्रेष्ठत्व मान्य करणे, हा हिंदुस्थानातील सर्व दरबारांचा सर्वमान्य संकेत होता. ऑक्झिंडन हा इंग्लंडच्या राजाचा नव्हे तर एका व्यापारी कंपनीच्या मुंबईतील अधिकाऱ्याचा वकील असल्यामुळे त्याला तो संकेत खटकला नाही. राजाचा वकील असता तर कदाचित प्रश्न उभा राहिला असता. युरोपात असे प्रश्न रक्तपातापर्यंत जात. इ.स. १६६१ मध्ये लंडन शहरात स्वीडनच्या वकिलाच्या आगमनप्रसंगी कोणाची बग्गी पुढे जावी यावरून स्पेन व फ्रान्स यांच्या वकिलांचे लोक एकमेकांवर तुटून पडले होते आणि माणसे मेली होती. कोणत्या देशाचा वकील आधी, हा वाद युरोपने पुढे इ.स. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत वकिलाच्या आगमनाची अधिकृत सूचना ज्या तारखेस पोहोचली त्या तारखेप्रमाणे क्रम लावून मिटविला. इ.स. १९६१ च्या व्हिएन्ना करारातही तारखेचेच तत्त्व कायम राहिले.

तह १२ जून रोजी झाला. गलबत फुटून किनाऱ्यास लागलेला माल आणि इंग्रजी नाण्यांचे चलन या दोन बाबींवर महाराजांनी हरकत घेतली होती. मानपानात सैलपणा दाखवून सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर हात आखडता घ्यावयाचा, ही रीत येथे स्पष्ट दिसते. सत्काराची बाजू निर्दोष असल्यामुळेच नकार पचला, असे म्हणावेसे वाटते.

जाता जाता एक गोष्ट. इंग्रजांना मांसाहाराची सवय. गडावर त्यांना बकऱ्याचे मांस पुरविणारा खाटीक म्हातारा होता. आपले एवढे गिऱ्हाईक कोण, हे पाहण्यासाठी तो गड चढून आल्याची नोंद आढळते. पाहुण्याच्या ताटाची काळजी घेतली गेली होती, याचा याहून चांगला पुरावा दरबारी कागदात सापडणार नाही.

पेशवाई : सत्कार करणारा स्वतःच सेवक

शाहू महाराजांच्या काळानंतर अष्टप्रधानांची पदे वंशपरंपरागत व नाममात्र झाली. सुमंताचे नाव राहिले, काम पुण्यास गेले. तेथे राजशिष्टाचाराचा एक अवघड पेच निर्माण झाला. परकीय वकील पेशव्यांकडे येत, पण पेशवे स्वतः साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे घेणारे सेवक. मग वकिलाची अधिकारपत्रे कोणाच्या नावे? व्यवहारात ती पेशव्यांच्याच नावे येऊ लागली आणि प्रश्न अनुत्तरित ठेवूनच पुढील काळ गेला.

या काळात शिष्टाचाराची सूत्रे ठरावीक मध्यस्थांच्या हाती होती. इ.स. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. त्याच्याशी होणारे बहुतेक बोलणे नाना फडणवीस बहिरोपंत मेहेंदळे यांच्यामार्फत करीत. निराजीपंतांची जागा जणू बहिरोपंतांनी घेतली होती. इ.स. १७९० च्या तहाच्या दरबाराचे थॉमस डॅनियलने इ.स. १८०५ मध्ये पूर्ण केलेले चित्र प्रसिद्ध आहे. दरबारातील प्रत्येकाची जागा, अंतर आणि बसण्याची ढब त्या चित्रात पाहावी.

इ.स. १७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंद्यांनी पुण्यात घडवून आणलेला फर्मानबाडीचा समारंभ याच पेचाचे दुसरे टोक होय. बादशहा शहाआलमकडून आलेली वकील-इ-मुतलकीची सनद सवाई माधवरावांनी स्वीकारली. त्यासाठी तंबूत बादशहाचे रिकामे सिंहासन मांडले होते. पेशव्यांनी त्या रिकाम्या आसनास वंदन केले आणि नजर ठेवली. नाना फडणवीसांचा या समारंभास विरोध होता. छत्रपतींचा सेवक बादशहाचा सेवक कसा होणार, हा त्यांचा आक्षेप होता व साताऱ्याची अनुज्ञा घ्यावी लागली. जेथे बादशहा नव्हता तेथे त्याच्या आसनावरून एवढा वाद व्हावा, हे आज विचित्र वाटेल. परंतु तो वाद आसनाचा नव्हताच.

वकिलाचा अपमान आणि खर्डा

आपल्या विभागाशी निकटचा संबंध असलेले दोन प्रसंग येथे सांगितले पाहिजेत. पहिला शांततेचा. डिसेंबर १७३२ मध्ये लातूर परिसरातील रोहे-रामेश्वर येथे पहिले बाजीराव व निजामुल्मुल्क यांची भेट झाली. दोन्ही बाजूंस दगाफटक्याची भीती होती. अशा भेटीत बरोबर किती माणसे आणावीत आणि कोण कोणाच्या गोटात जाणार, हीच अर्धी मसलत असे. भेट सुरळीत पार पडली आणि उत्तरेकडील मोहिमांत निजामाने आड येऊ नये, असा समज झाला.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. चौथाईच्या थकबाकीचा तगादा लावण्यासाठी पुणे दरबारचे वकील गोविंदराव काळे व गोविंदराव पिंगळे निजामाच्या दरबारी होते. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने भर दरबारात, हिशेबाचा खुलासा करण्यास नानांनी स्वतः येथे हजर व्हावे, अशा आशयाचे उद्गार काढले. ते कसे येतील, असे वकिलाने विचारता त्यांना कसे आणावयाचे ते मी दाखवितो, असे उत्तर त्याने दिल्याचे ग्रँट डफने नमूद केले आहे. युद्धाचे कारण थकबाकी हेच होते. तथापि थकबाकी अनेक वर्षांची होती, सैन्य मात्र या उद्गारांनंतर निघाले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास निजामाचा पराभव झाला आणि तहाच्या अटींत स्वतः मुशीरुल्मुल्कला पुणे दरबारच्या हवाली करावे लागले. अपमान ज्या तोंडाने झाला त्याचीच मागणी अटींत असावी, यात दरबारी न्याय आहे.

वकिलाच्या सुरक्षिततेचे सूत्र पुणे दरबारनेही नंतर मोडले. इंग्रजांच्या हमीवर बडोद्याहून आलेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला आणि पेशवाईच्या शेवटास तेथून प्रारंभ झाला.

हैदराबाद : जोडे आणि खुर्ची

पेशवाई गेल्यानंतर मराठवाड्यास जो दरबार उरला तो हैदराबादचा. जळकोट, नळदुर्ग, तुळजापूर हा टापू त्याच राज्यातला. या गावांना रेसिडेंट आणि निजाम यांच्यातील मानापमानाचे परिणाम प्रत्यक्ष भोगावे लागले. मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांकडे गेला. त्याचा कारभार मेडोज टेलरकडे आला. इ.स. १८६० मध्ये तो मुलूख निजामाला परत मिळाला.

राजकीय सत्ता इतकी हातची गेली असतानाही निजामाच्या दरबारात रेसिडेंट जोडे काढून, जमिनीवरील बैठकीवर बसत असे. इ.स. १८६९ मध्ये अफजलुद्दौला वारला आणि अल्पवयीन महबूबअली गादीवर आला. ही संधी साधून रेसिडेंट साँडर्सने जोडे न काढण्याचा आणि खुर्चीवर बसण्याचा आग्रह धरला व तो मान्य करून घेतला. मुलूख १८५३ मध्ये गेला, जोडे १८६९ पर्यंत टिकले. सोळा वर्षांचे हे अंतर राजशिष्टाचाराच्या अभ्यासकाने विसरू नये. सत्ता जाते तेव्हा तिची रीत लगेच जात नाही. दरबारी लोक तिला अखेरपर्यंत धरून ठेवतात, कारण त्यांच्यापाशी दुसरे काही उरलेले नसते.

यापुढील काळात संस्थानांचा मान तोफांच्या सलामीत मोजला जाऊ लागला. हैदराबाद, बडोदे व ग्वाल्हेर यांना एकवीस, तर कोल्हापूरला एकोणीस. १२ डिसेंबर १९११ रोजीच्या दिल्ली दरबारात संस्थानिकांनी बादशहा पंचम जॉर्ज यांच्यापुढे जाऊन तीनदा लवावे आणि पाठ न दाखविता मागे सरावे, असे ठरले होते. त्यासाठी तालीमही ठेवली होती. प्रथम हैदराबादचे निजाम गेले, त्यांच्यामागून बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. सयाजीराव एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालत परतले. इंग्रजी वृत्तपत्रांनी गहजब केला. सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यास पत्र लिहून खुलासा केला. आपल्यापूर्वी केवळ निजामच पुढे गेल्यामुळे रीत नीट पाहून घेता आली नाही, असे त्यात होते. हा खुलासा खरा होता की तोही राजशिष्टाचाराचाच एक भाग होता, यावर बडोद्यात पुढे पुष्कळ वर्षे बोलले गेले.